संग्रहालयाचा वरचा मजला कोणासाठी?

लिफ्ट, सरकता जिना आणि उतरण यांचा विचार संग्रहालयाच्या आराखड्यातच का व्हायला हवा?

संग्रहालय म्हटले की भव्य दर्शनी कमान, उंच घुमट आणि आत शिरताच मधोमध दिसणारा रुंद जिना डोळ्यांसमोर येतो. हा जिना इमारतीचे वैभव मानला जातो. छायाचित्रे त्याचीच निघतात. परंतु गुडघेदुखीने बेजार झालेली वृद्धा, चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थी, कुबड्यांच्या आधाराने चालणारा तरुण किंवा कडेवर तान्हे मूल असलेली माता यांच्यासाठी संग्रहालय त्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीच संपते. वरच्या मजल्यावर चित्रे असोत, शस्त्रे असोत की हस्तलिखिते, त्यांना ती इतरांच्या वर्णनातूनच कळतात. तिकीट मात्र पूर्ण संग्रहालयाचे काढलेले असते.

लिफ्ट आणि सरकता जिना या गोष्टी चैनीच्या आहेत, त्या मॉलमध्ये आणि विमानतळावर शोभतात, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. संग्रहालयाच्या बाबतीत तो तपासून पाहिला पाहिजे. कारण दुकान दुसरे शोधता येते. पण एखादी मूर्ती, एखादे चित्र किंवा एखादा ताम्रपट जगात एकाच जागी असतो. तेथवर पोहोचता आले नाही, तर त्याला पर्याय नाही.

मुरुमहून निघालेली सहल

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. २०२३ पर्यंत या जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद असे होते. या परिसरातील एखाद्या शाळेने दिव्यांग विद्यार्थ्यांनाही सोबत घेऊन शैक्षणिक सहल काढायचे ठरवले, तर वाटेत काय काय लागते, हे पाहण्यासारखे आहे.

जवळचे ठिकाण नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तेथील पाणी महाल पाहायचा, तर पायऱ्या उतराव्या लागतात. तुळजापूरला भवानीमातेचे मंदिर सखल भागात आहे. देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या चढून नव्हे, तर उतरून जावे लागते. उतरणे सोपे वाटते. परतीच्या वेळी त्याच पायऱ्या चढायच्या असतात, हे वयस्कर भाविकांना चांगले ठाऊक असते. पुढे तेर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखलेले तगर नगर ते हेच, असे अभ्यासक मानतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या पुराणवस्तूंमुळे उभे राहिलेले शासकीय संग्रहालय येथे आहे. सातवाहन काळातील मृण्मयी मूर्ती आणि रोजच्या वापरातील वस्तू हे त्याचे वैशिष्ट्य.

लांबची सहल असेल तर हैदराबाद आलेच. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादशी असलेले येणेजाणे आजही सुटलेले नाही. तेथील सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये दिवाण देवडीत सुरू झाले आणि १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. तेथील संगीत घड्याळ पाहायला दर तासाला प्रेक्षकांची झुंबड उडते. ठोके संपले की तीच गर्दी एकाच वेळी दालनांकडे आणि जिन्यांकडे वळते. किल्ला, मंदिर आणि संग्रहालय या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो: एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायचे कसे? किल्ल्याला आणि मंदिराला शेकडो वर्षांच्या बांधणीची मर्यादा आहे. संग्रहालयाला मात्र या प्रश्नाचे उत्तर देता येते. अट एवढीच की, आराखडा काढतानाच तो विचारला गेला पाहिजे.

प्रदर्शनांतून पुढे आलेली यंत्रे

आज संग्रहालयांत उपरी वाटणारी ही यंत्रे लोकांसमोर प्रथम आली ती प्रदर्शनांतूनच, हा इतिहासातील गमतीचा योगायोग आहे. दोराने ओढायचे पाळणे फार पूर्वीपासून होते. परंतु दोर तुटला तर काय, या भीतीमुळे माणसे त्यात बसायला धजत नसत. एलिशा ओटिस या अमेरिकी कारागिराने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंचावर नेलेल्या फलाटावर स्वतः उभे राहून तो दोर तोडायला लावला. फलाट थोडासा खाली सरकला आणि जागीच अडकून राहिला. दोर सैल पडताच दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुतणारी स्प्रिंग ही त्यामागची युक्ती होती. १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पाच मजली दुकानात प्रवाशांसाठी लिफ्ट सुरू झाली.

विजेवर चालणारी लिफ्ट वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८० मध्ये जर्मनीतील मानहाइमच्या प्रदर्शनात दाखवली. सरकत्या जिन्याचा पूर्वज मानले जाणारे जेसी रेनो यांचे तिरपे वाहक यंत्र १८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे करमणुकीचे साधन म्हणून लोकांसमोर आले. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात सरकत्या जिन्याने जगाचे लक्ष वेधले. माणसे नवलाच्या वस्तू पाहायला जमली आणि त्यांना वर नेणारे यंत्रच नवल ठरले.

लिफ्ट चालते कशी?

ज्यांनी विहिरीवरचा रहाट किंवा मोट पाहिली आहे, त्यांना लिफ्टचे तत्त्व समजायला वेळ लागणार नाही. चाकावरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला माणसांचा पिंजरा आणि दुसऱ्या टोकाला वजनी ठोकळे असतात. हे प्रतिभार म्हणजे तराजूचे दुसरे पारडेच होय. पिंजऱ्याचे स्वतःचे वजन आणि त्यातील पूर्ण भाराचे साधारण निम्मे वजन एवढा हा प्रतिभार ठेवला जातो. त्यामुळे मोटरीला संपूर्ण ओझे उचलावे लागत नाही. दोन पारड्यांतील फरकच काय तो उचलायचा असतो. वेग मर्यादेबाहेर गेला की गतिनियंत्रक यंत्रणा पिंजऱ्याला रुळांवर जखडून टाकते. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही आणि पिंजरा समोर नसताना मजल्यावरचे दार उघडत नाही, अशी अंतर्गत कुलूपव्यवस्था असते.

दोन-तीन मजल्यांच्या इमारतीत तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्टही बसवता येते. पिंजऱ्याला खालून किंवा बाजूने दट्ट्या वर ढकलतो. वेग कमी असतो, पण संग्रहालयात घाई कोणाला असते? पूर्वी लिफ्ट म्हटली की गच्चीवर यंत्रखोली बांधावी लागे. जुन्या इमारतीच्या घुमटाशेजारी अशी खोली म्हणजे डोळ्यांत खुपणारी गोष्ट. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून यंत्रखोलीविना चालणाऱ्या लिफ्ट बाजारात आल्या. मोटर वाहिनीतच बसू लागली आणि वारसा इमारतींची मोठी अडचण दूर झाली.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांच्या दृष्टीने लिफ्टचा वेग महत्त्वाचा नसतो. मापे महत्त्वाची असतात. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट हवी. दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटर, म्हणजे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशा उंचीवर, त्यांवर उठावदार अंक आणि ब्रेल लिपी, मजला आल्याचे सांगणारा आवाज, तिन्ही बाजूंना कठडा आणि मागच्या भिंतीला आरसा, एवढ्या गोष्टी असल्या की लिफ्ट सर्वांची होते. आरसा नटण्यासाठी नसतो. आत खुर्ची वळवता आली नाही, तर मागे पाहत बाहेर पडण्यासाठी तो असतो.

सरकता जिना गर्दीचा, सर्वांचा नव्हे

लिफ्ट आणि सरकता जिना यांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो. पण त्यांची कामे वेगळी आहेत. एक मीटर रुंदीचा आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालणारा सरकता जिना तासाला सुमारे सहा हजार माणसे वर नेऊ शकतो. याउलट तेरा माणसांच्या लिफ्टची एक फेरी दीड मिनिटाची धरली, तर तासाला चाळीस फेऱ्या होतात आणि पूर्ण भरून गेली तरी ५२० माणसेच वर पोहोचतात. यामुळे दिवसाला हजारोंची गर्दी खेचणाऱ्या संग्रहालयांना सरकता जिना मोहात पाडतो.

परंतु चाकाच्या खुर्चीला सरकता जिना निरुपयोगी आहे. कुबड्या, वॉकर आणि बाबागाडी यांनाही तो धोक्याचा आहे. दृष्टिहीन व्यक्तीला पहिली पायरी कोठे सुरू होते, हे सांगणारी खूण जमिनीवर नसेल, तर तोल जाण्याची भीती असते. खेड्यातून आलेल्या नऊवारीतल्या आजी मोठ्या रेल्वेस्थानकावर सरकत्या जिन्यापुढे थबकतात आणि साध्या पायऱ्यांकडे वळतात, हे दृश्य नवे नाही. त्यांची भीती अनाठायी नसते. लुगड्याचा काठ, पदर, ओढणी किंवा चपलेचे टोक पायऱ्यांच्या फटीत अडकून अपघात होऊ शकतो. याकरिता पायरीच्या कडेला ब्रशसारखी केसाळ पट्टी आणि दोन्ही टोकांना तात्काळ थांबवण्याचे लाल बटण असावे लागते.

जागेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सरकत्या जिन्याचा चढ बहुधा तीस अंशांचा असतो. बारा फूट उंचीच्या मजल्यासाठी त्याला सुमारे एकवीस फूट आडवी जागा लागते आणि दोन्ही टोकांचे फलाट धरले, तर हे अंतर तीस फुटांच्या पुढे जाते. वर जायचा एक आणि उतरायचा दुसरा असे दोन जिने हवेत, ते वेगळेच. शिवाय वीज गेल्यावर हा जिना साधा जिना बनतो, हे खरे असले, तरी टोकाकडील पायऱ्यांची उंची असमान राहते आणि तेथेच ठेच लागते. थोडक्यात, सरकता जिना गर्दीची सोय करतो. सुगम्यतेची हमी देत नाही. ती हमी लिफ्ट किंवा उतरण यांचीच.

जगातील संग्रहालयांनी काढलेले मार्ग

न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय १९५९ मध्ये खुले झाले. त्याचे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी जिन्यांचे मजले ही कल्पनाच बाजूला सारली. प्रेक्षकाने लिफ्टने थेट माथ्यावर जावे आणि शंखाच्या वळणासारख्या उतरणीवरून चित्रे पाहत सावकाश खाली यावे, अशी त्यांची योजना होती. लिफ्ट ही येथे दुबळ्यांसाठी कोपऱ्यात ठेवलेली सोय नाही. प्रत्येकाच्या भेटीची ती सुरुवात आहे. धडधाकट माणूस आणि खुर्चीवरचा माणूस दोघे एकाच दाराने आत शिरतात, ही या आराखड्यातील मोलाची बाब.

पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने १९७७ मध्ये सरकता जिना पारदर्शक नळीत घालून इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लावला. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी नळ, वायुवाहिन्या आणि जिने बाहेर काढल्यामुळे आतील मजले प्रदर्शनासाठी मोकळे राहिले आणि वर जाता जाता पॅरिसचे दर्शन घडू लागले. हे केंद्र २०२५ पासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद आहे. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात १९९६ मध्ये सरकता जिना पृथ्वीच्या प्रचंड गोलातून आरपार नेण्यात आला. वर जाणे हाच भूगर्भाच्या धड्याचा आरंभ ठरला.

पॅरिसच्याच लूव्र संग्रहालयात १९८९ मध्ये आय. एम. पै यांचा काचेचा पिरॅमिड उभा राहिला. त्याखाली उतरणाऱ्या गोल जिन्याच्या मधोमध एक वर्तुळाकार उघडी लिफ्ट आहे. स्तंभासारखी वर येणारी आणि जमिनीत विरून जाणारी ही लिफ्ट पाहायला लोक थांबतात. चाकाच्या खुर्चीवरील पाहुण्याला सामानाच्या मागच्या दाराने नव्हे, तर सर्वांच्या मधून खाली नेले जाते. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीसारख्या अतिप्राचीन स्थळीही २००४ मध्ये दिव्यांगांसाठी लिफ्ट बसवली गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिच्या जागी अधिक चांगली लिफ्ट आली. अडीच हजार वर्षांची वास्तू आणि आजचे यंत्र एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

महाराष्ट्रातही उंचीवर मात करणाऱ्या यंत्रांना लोकांनी आनंदाने स्वीकारले आहे. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग चालतो. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये रुळांवरून तिरपी चढणारी ट्रॉली सुरू झाली. जे वृद्ध एरवी पायथ्यापासूनच हात जोडून परतले असते, ते आता वर जाऊन येतात. यात श्रद्धेचे किंवा इतिहासाचे काही उणे झाले, असे कोणी म्हणत नाही. मग संग्रहालयाच्या एका मजल्याचे एवढे अप्रूप का असावे?

वारसा इमारतींचा पेच

राज्यातील नामवंत संग्रहालये जुन्या वास्तूंत आहेत, हे यामागचे एक कारण. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले. दुहेरी उंचीचे दालन आणि भोवतीचा वरचा सज्जा ही व्हिक्टोरियन काळातील रचना त्यात दिसते. २००८ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १० जानेवारी १९२२ रोजी खुले झाले. त्याच विटेट यांच्या काळातील सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मूळच्या सभागृहात अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली आहेत. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय वाड्याच्या धाटणीच्या इमारतीत आहे. यांपैकी एकही वास्तू उभारताना चाकाची खुर्ची कोणाच्या मनात नव्हती.

अशा इमारतीत लिफ्ट बसवणे म्हणजे भिंत फोडून पिंजरा टांगणे नव्हे. दगडी भिंती स्वतःच छताचा भार वाहतात. त्यांना मोठे भगदाड पाडता येत नाही. सागवानी तुळयांचे तक्तपोशी मजले कापले, तर शेजारचा भाग झुकू शकतो. लिफ्टच्या तळाशी खड्डा लागतो आणि तो जुन्या पायाच्या लगत खणणे जोखमीचे असते. मोटरीचा कंप नाजूक काचेच्या आणि मातीच्या वस्तूंपर्यंत पोहोचू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. मुंबईत वारसा यादीतील इमारतीत असे फेरफार करायचे, तर वारसा संवर्धन समितीचा विचार घ्यावा लागतो.

तरीही मार्ग निघतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलेले तत्त्व असे की, नव्या भरीमुळे मूळ वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिचा तोल आणि परिसराशी असलेले तिचे नाते बिघडू नये. याचा व्यवहारातील अर्थ म्हणजे लिफ्ट दर्शनी भागात न ठेवता मागच्या अंगाला, स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर, भिंतीपासून सुटी उभी करावी आणि प्रत्येक मजल्याला लहान पुलाने जोडावी. जुनी खिडकी दार म्हणून वापरता आली, तर भिंतही फोडावी लागत नाही. उद्या अधिक चांगले तंत्र आले, तर सांगाडा काढून घेता येतो आणि मूळ वास्तू होती तशी राहते. वाड्यात मधल्या चौकात लिफ्ट उभारण्याचा मोह होतो. पण चौक हाच वाड्याचा प्राण असल्यामुळे मागचे अंगण किंवा परसाची बाजू अधिक योग्य.

कायद्याची बाजू

हा प्रश्न आता केवळ सद्भावनेचा राहिलेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सार्वजनिक इमारतींत उतरणी व अन्य सोयी करण्याचा विचार मांडला होता. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्या कराराच्या ३० व्या कलमात संग्रहालयांचा नामनिर्देश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, असे त्यातील ४५ वे कलम सांगते. २९ वे कलम सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याच्या हक्काविषयी आहे. दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय स्थापन करण्याचाही त्यात उल्लेख आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात या विषयाला नवे वळण दिले. सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियम न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि टाळता येणार नाहीत अशी किमान मानके वेगळी काढून बंधनकारक करण्यास सरकारला सांगितले.

लिफ्टच्या सुरक्षिततेसाठी महाराष्ट्रात १९३९ चा स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या अधिनियमात सरकते जिने आणि सरकते मार्गही आले. यंत्र उभारण्यासाठी परवानगी, चालवण्यासाठी परवाना आणि ठराविक काळाने तपासणी, अशी ही व्यवस्था आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यात ‘दिव्यांग’ या नोंदीत न येणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि आजारातून उठलेले लोक धरले, तर ज्यांना जिना जड जातो अशांची संख्या कितीतरी वाढते.

लिफ्ट बसली म्हणजे काम संपले नाही

उद्घाटनाच्या दिवशी लिफ्ट चालते. प्रश्न त्यानंतरचा असतो. देखभालीचा वार्षिक करार नसेल, तर दुरुस्तीअभावी ती बंद पडते आणि दारावर ‘नादुरुस्त’ अशी पाटी कायमची लटकते. काही ठिकाणी ती सामानाची खोली होते. काही ठिकाणी तिची किल्ली एकाच कर्मचाऱ्याच्या खिशात असते आणि तो रजेवर गेला की वरचा मजला बंद.

ग्रामीण भागात विजेचा प्रश्न आहेच. २००० नंतरच्या दशकात मराठवाड्याने तासन्‌तास भारनियमन सोसले. आज परिस्थिती सुधारली असली, तरी वादळवाऱ्यात वीज खंडित होणे कोणाला नवे नाही. म्हणून लिफ्टला बॅटरीवर चालणारी सुटका यंत्रणा हवी. वीज जाताच ती पिंजरा जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. आगीच्या वेळी साधी लिफ्ट वापरायची नसते. अशा प्रसंगी वरच्या मजल्यावरील खुर्चीधारक पाहुण्याने थांबायचे कोठे, त्याला जिन्यावरून उतरवणारी खास खुर्ची कोठे ठेवली आहे आणि ती चालवण्याचे शिक्षण कोणाला दिले आहे, हे आधी ठरलेले असावे. वर नेण्याची सोय केली, पण संकटात खाली आणण्याची केली नाही, तर ती सोय अपुरीच.

शिवाय सुगम्यता लिफ्टच्या दारापाशी थांबत नाही. उभ्या माणसाची नजर सुमारे पाच फुटांवर असते, तर खुर्चीवर बसलेल्याची पावणेचार-चार फुटांवर. तेरसारख्या ठिकाणच्या बोटभर उंचीच्या मृण्मयी मूर्ती उंच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या, तर खालच्या मजल्यावर असूनही त्या बसलेल्या माणसाला दिसणार नाहीत. दृष्टिहीनांसाठी स्पर्श करता येतील अशा प्रतिकृती लागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे असे स्पर्शदालन सुरू केले. बसायला बाके, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि मोठ्या अक्षरांतील मराठी पाट्या याही सुगम्यतेतच मोडतात.

लहान गावाला काय करता येईल?

मुरुमसारख्या गावात उद्या एखादे स्थानिक संग्रहालय उभे राहायचे झाले, तर पहिला सल्ला असा की, मजला चढवूच नये. शहरात जमीन महाग असते म्हणून इमारती उंच होतात. गावात जागा मिळू शकते. एकमजली आणि एकाच पातळीवरील इमारतीला लिफ्ट लागत नाही, तिचे वीजबिल येत नाही आणि तिच्या दुरुस्तीसाठी बाहेरगावच्या कारागिराची वाट पाहावी लागत नाही.

जोते मात्र पावसाच्या पाण्यासाठी उंच घ्यावे लागते. तेथे उतरण हवी. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. दीड फूट जोत्याला अठरा फुटांची उतरण पुरते; तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लागतात. बारा फुटांच्या संपूर्ण मजल्यासाठी हाच हिशेब १४४ फुटांवर जातो आणि मधले विसाव्याचे फलाट वेगळे. येथे उतरणीची मर्यादा आणि लिफ्टची गरज दोन्ही उघड होतात. पुष्कळ ठिकाणी जागा वाचवण्यासाठी इतकी तीव्र उतरण बांधली जाते की, तिच्यावरून खुर्ची ढकलायला दोन माणसे लागतात आणि उतरताना ती हातातून सुटते. अशी उतरण केवळ कागदोपत्री सोय असते.

जुन्या वाड्यात किंवा गढीत संग्रहालय करायचे असेल, तर माळवदावर जाणारा चिंचोळा जिना कोणालाही रुंद करून देता येणार नाही. अशा वेळी वस्तूंनाच खाली आणावे. ज्या वस्तूंसाठी संग्रहालय ओळखले जाते, त्या तळमजल्यावर मांडाव्यात आणि वर कार्यालय, ग्रंथालयाची साठवण किंवा दुय्यम वस्तू ठेवाव्यात. वरच्या दालनाची चित्रफीत खाली पडद्यावर दाखवावी. चित्रफीत मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही. पण लिफ्टसाठी निधी येईपर्यंत दार पूर्ण बंद राहत नाही. दोन-चार पायऱ्यांचाच अडथळा असेल, तर खुर्चीसह माणसाला उचलणारा छोटा यांत्रिक फलाटही पुरतो. त्याला खोल खड्डा किंवा उंच वाहिनी लागत नाही.

शाळांनाही काही करता येईल. सहल ठरवण्यापूर्वी संग्रहालयाला दूरध्वनी करून चार प्रश्न विचारावेत: लिफ्ट आहे का आणि ती चालू आहे का? ती सर्व मजल्यांवर थांबते का? दाराची रुंदी किती? खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे का? हे प्रश्न वारंवार येऊ लागले की व्यवस्थापनालाही त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतात आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्याची नोंद घ्यावी लागते.

पाठीवर उचलून वर नेऊ, असे शिक्षक आणि मित्र आपुलकीने म्हणतात. त्या आपुलकीचे मोल मोठे आहे. परंतु बारा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला अनोळखी गर्दीसमोर उचलून घेतले जाणे आवडेलच असे नाही आणि बहुतेक मुले ‘मी खालीच थांबतो’ असे सांगून मोकळी होतात. आपल्या पूर्वजांनी घडवलेल्या वस्तूंवर त्या मुलाचाही इतरांइतकाच वारसाहक्क आहे. सरकता जिना नसला तरी चालेल; पण कोणाची विनवणी न करता त्याला स्वतः दाबता येईल असे लिफ्टचे एक बटण, किंवा त्याला स्वतः चढता येईल अशी एक सौम्य उतरण, एवढे तरी प्रत्येक संग्रहालयात असायलाच हवे.